रानात जाताना कमरेला काय?

निवृत्तीनंतर कराडात स्थायिक झालेले आणि उतारवयात सह्याद्रीच्या भटकंतीचा नाद लागलेले आमचे एक स्नेही परवा घरी आले ते प्रश्न घेऊनच : वासोट्याला जायचे तर कमरेला रिव्हॉल्वर बरे की पिस्तूल? अलास्कासारख्या अस्वलांच्या मुलखात हिंडणारे शिकारी, खांद्यावर रायफल असूनही, कमरेला एखादे दणकट आखूड शस्त्र बाळगतात आणि त्याच्या गोळीच्या जाडीवर तासन् तास वाद घालतात, हे त्यांच्या वाचनात आले होते.

तिकडे त्या वादाला अर्थ आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपवली. आणि वासोट्याचे रान हे कोयना अभयारण्याचे, म्हणजे चांदोली राष्ट्रीय उद्यानासह २०१० साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे असल्यामुळे, तेथे लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र नेणे हाच मुळी गुन्हा आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मिळालेला शस्त्रपरवाना खिशात असला, तरी ती परवानगी त्यात येत नाही.

आत्मरक्षणाचे काय, असे स्नेह्यांनी विचारले, आणि विचारणे रास्तच होते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने वन्य प्राण्याला मारणे वा जखमी करणे हा अपराध नव्हे, असे हाच कायदा सांगतो. परंतु त्याच कलमात पुढे अशीही तजवीज आहे की, तो प्रसंग ओढवला तेव्हा जो स्वतःच या कायद्याचा भंग करीत होता, त्याला ही सवलत नाही. म्हणजे ज्याने चोरून पिस्तूल नेले, त्याच्या आत्मरक्षणाच्या कैफियतीचा आधार त्या पिस्तुलानेच काढून घेतला! कायदा करणाऱ्यांच्या या दूरदृष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब जमत नाही. ९ मिलिमीटरची आणि .३८ ची आखूड शस्त्रे निषिद्ध वर्गात मोडत असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .३२ चे रिव्हॉल्वर येते; त्याची गोळी सुमारे सहा ग्रॅमची, आणि चांदोलीतला पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात. धावणाऱ्या गव्यावर धापा टाकीत, थरथरत्या हाताने, ज्याने निशाणेबाजीचा सराव कधी केला नाही अशा गृहस्थाने नेम धरावा आणि गव्याने त्याचा मान राखावा, ही अपेक्षा गव्यावर अन्याय करणारी आहे. जखमी जनावर मागे सोडून येणे तर त्याहून वाईट. कारण त्याचा राग उद्या त्याच वाटेने गुरे नेणाऱ्या गुराख्याला भोगावा लागेल.

शिवाय रानात गाठ पडते ती बहुधा गव्याशी नव्हेच. कड्याला लटकलेले आग्या मोहोळ, दगडाच्या कपारीतले फुरसे, पालापाचोळ्यात पालापाचोळाच होऊन पडलेली घोणस : यांतल्या कोणावर गोळी झाडणार? मोहोळाखाली धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळावे. घोट्यावर चढणारे बूट घालावेत. साप चावलाच तर जखम न चिरता, न आवळता, लसीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. शिराळ्याच्या उसाच्या फडापर्यंत उतरलेल्या बिबट्यासाठीही शेतकरी तिन्हीसांजेला विजेरी आणि सोबत घेतो, मोठ्याने बोलत जातो, उकिडवे बसणे टाळतो. बिबट्या सहसा उभ्या माणसाच्या वाटेला जात नाही, वाकलेला माणूस मात्र त्याला लहान जनावर वाटू शकतो.

धनगराच्या हाती जी असते ती काठी मला या सर्वांत शहाणी वाटते. ती पुढची जमीन ठोकते, ओढ्याची खोली सांगते, उतारावर गुडघ्यांचा भार घेते, आणि तिला दरखास्त लागत नाही, दाखलाही नाही. स्नेह्यांना हे पटले की माझ्या बोलण्याचा कंटाळा आला, कोण जाणे. पण बामणोलीहून शिवसागर ओलांडताना नावेत त्यांच्या मांडीवर एक वेळूची काठी आडवी होती, आणि पलीकडे उतरताच तिने पहिले काम केले ते माझा घसरणारा पाय सावरण्याचे.