स्विंगचा ठेका आणि आमचे कान

मुलानें ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन शिकण्याची इच्छा दर्शविली, कीं पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. "असला धांगडधिंगा आपल्या घरांत नको," असें म्हटलें जातें. हा ग्रह कितपत योग्य आहे, हें 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतावरून पाहूं.

त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १९१८ सालीं पुणतांबें येथें झाला. आपल्या नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याजवळ ते गायन शिकले. रागदारीच्या तालमींत तयार झालेल्या या गृहस्थास स्विंगची मोहिनी कां पडावी?

स्विंग हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत जन्मलेल्या जॅझचें १९३० नंतरचें रूप होय. भजनांत बुवांनीं चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनीं तो झेलावा, त्याप्रमाणें यांत ट्रंपेटें विचारतात व सॅक्सोफोन उत्तर देतात. चार मात्रांपैकीं दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर येत असल्यामुळें ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलूं लागतो. ठरलेल्या सुरावटीभोंवतीं वादक आयत्या वेळीं नवे स्वर गुंफतो. आपल्या गवयाची बढतही याहून फार निराळी नाहीं.

१९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. ही नवी कला गोमंतकीय वादकांनीं चटकन आत्मसात केली. कारण गोव्यांतील चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलिपि त्यांनीं लहानपणींच घोटली होती. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतलेच. त्यांनीं सी. रामचंद्रांना साहाय्य केलें आणि 'अलबेला'त ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. त्यांचे कित्येक जातभाई मात्र निनांवीच राहिले, ही खेदाची गोष्ट होय.

हें संगीत उसनें आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु त्याच चित्रपटांत एक शांत अंगाईही आहे, आणि दोन्हींमागें हात एकच! परक्याचें घेऊन ज्याला आपलें करतां येतें, त्याला नकलाकार म्हणणें न्यायाचें नव्हे.

पालकांनो, वाद्य परकें म्हणून मुलास अडवूं नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, तो स्वच्छंद वाटणारा ठेका वर्षानुवर्षांच्या रियाजाचें फळ आहे, हें विसरूं नका. आधीं स्वर घोटा. मग खुशाल ठेका धरा.