विचारक्षमतेचा अभ्यासक्रम प्रश्नपत्रिकेपासून आखावा

जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा परिसर लोहखनिजासाठी ओळखला जातो. तरीही तेथील विद्यार्थी लोहाच्या धातुकांची नावे पाठ करून उत्तीर्ण होऊ शकतो. टेकडीवरचा तांबडा दगड वर्गात आणावा, तो खडबडीत फरशीवर घासावा, रेघेचा रंग पाहावा आणि त्यावरून तर्क करावा, याची परीक्षेला गरज भासत नाही.

याच राज्याने एकेकाळी निराळी वाट चोखाळली होती. १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने त्याची धुरा वाहिली. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत प्रयोग असत, प्रश्न असत. निष्कर्ष मात्र मुलांनीच काढायचे. शिक्षक मासिक बैठकांत आपल्या अडचणी मांडत. सर्वांत धाडसी बदल परीक्षेत होता: लेखी परीक्षेला पुस्तक उघडण्याची मुभा आणि जोडीला प्रात्यक्षिक. पुस्तक समोर असेल तर पाठांतराचे मोल आपोआप उतरते, हे साधे गणित त्यामागे होते.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांनंतरही तो आठवीपर्यंतच्या विज्ञानापुरताच राहिला; नववीपासून जुनीच परीक्षा विद्यार्थ्यांची वाट पाहत होती. पालकांची धास्ती त्यामुळे अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चिकित्सक विचारावर भर देते, आशयाचा भार हलका करण्याची भाषा करते. पाया कच्चा असताना विचार कसला शिकवता, हा आक्षेप त्यावर हमखास येतो. तो अर्धाच खरा आहे. घनता ठाऊक नसलेले मूल दगडाविषयी नेमका प्रश्न विचारू शकत नाही, हे मान्य. पण घनतेची व्याख्या घोकून तो प्रश्न सुचतो, असेही नाही. माहिती आणि तर्क एकाच तासिकेत घडावे लागतात. त्यासाठी धडे कमी करावे लागतील. कोणते धडे वगळायचे, या वादाला मात्र कोणतीच समिती उत्साहाने सामोरी जात नाही.

म्हणून राज्य मंडळांनी नव्या पुस्तकांआधी दहावीची प्रश्नपत्रिका बदलावी, अपरिचित माहितीवर तर्क मागणाऱ्या प्रश्नांचा वाटा दरवर्षी वाढवत न्यावा आणि शिक्षकांच्या मासिक बैठकांना कामाचे तास म्हणून मान्यता द्यावी. होशंगाबादमध्ये शिक्षकांनी हे करून दाखवले, तेव्हा त्यांच्या हाती संगणकही नव्हता.