दुबईची पहिली व्यापारी फेरी : पाच रात्रींत किती शहरे?

श्रीवर्धनहून सहार विमानतळ गाठायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात विमान मुंबईहून दुबईला पोहोचते. हे मी गमतीने लिहीत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे जे व्यापारी बांधव पहिल्यांदाच बाहेर निघतात, त्यांच्या हिशेबात नेमका हाच वेळ धरलेला नसतो. जाण्याचा एक दिवस गेला, येण्याचा एक गेला. एजंटच्या छापील कागदावर सहा दिवस असतात. बाजारात उभे राहायला हाती चारच येतात. त्या चार दिवसांत तो दुबई, शारजा, अजमान, अबुधाबी आणि जमल्यास मस्कत दाखवायला निघालेला असतो.

आखात आपल्याला परके नाही. 1966 पर्यंत दुबईत रुपया चालत असे आणि 1959 पासून रिझर्व बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढीत असे. आजही म्हसळा, मुरूड, श्रीवर्धन यांपैकी कुठल्याही मोहल्ल्यात जा, निम्म्या घरांतला कोणी ना कोणी तिकडे गेलेला असतो. म्हणून आपल्याला वाटते की दुबई आपल्याला ठाऊक आहे. पण नोकरीला गेलेल्याची दुबई वेगळी. त्याला कंपनी खोली देते, कंपनीची गाडी नेते-आणते. व्यापाऱ्याचा तिथला प्रत्येक दिवस स्वतःच्या गल्ल्यातून जातो.

माझा पहिला तजुर्बा 2006 चा. कापडाचे दुकान बरे चालले होते, चार पैसे बाजूला पडले होते. एजंटने कार्यक्रम आखून दिला : दुबईत दोन रात्री, अबुधाबीला एक, मस्कतला दोन, पुन्हा दुबईत एक आणि तिथून मुंबई. मस्कतचा वेगळा व्हिसा त्याने काढून दिला. मी खूश. देरा भागातल्या मुर्शिद बाजारात बुरख्याचे कापड पसंत केले, बयाणा दिला आणि सांगितले, परत आल्यावर माल ठरवू. मस्कतला गेल्यावर कळले की दुबईचा माझा व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता. बाहेर पडलो तेव्हाच तो संपला. मस्कतहून थेट मुंबईचे नवे तिकीट काढावे लागले. बयाणा गेला, कापड राहिले आणि ईदचा हंगाम हातचा गेला. एजंट म्हणाला, "तुम्ही विचारलेच नाही." खरेच होते ते. मी शहरे मोजत बसलो होतो.

म्हणून माझा मशवरा असा की पहिल्या फेरीत देश एकच ठेवा आणि मुक्कामही एकच ठेवा. अमिरातीचा एक व्हिसा सातही अमिरातींत चालतो, त्यामुळे तीन शहरे पाहूनही बॅग एकदाच उघडावी लागते. हॉटेल बदलले की अर्धा दिवस गेलाच समजा. सकाळी खोली सोडायची, दुपारनंतर नवी मिळायची, मधल्या वेळात सामान घेऊन फिरायचे.

मुक्काम देऱ्यात किंवा बर दुबईत असावा. दोन्हींच्या मध्ये खाडी आहे आणि ती ओलांडायला अब्रा नावाची होडी एका दिरहमला मिळते. एका काठावर मुर्शिद बाजार आणि नायफ, दुसऱ्या काठावर बर दुबईचा कापड बाजार. कापडवाल्याचे नव्वद टक्के काम इथेच होते. पण पहिल्या दिवशी काही घेऊ नका. नमुने मागा, भाव वहीत लिहा. मी उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे अरबी पाट्या भराभर वाचायचो, अर्थ मात्र ओ की ठो कळत नव्हता. आकड्यांतही चार आणि सहा आपल्या उर्दूपेक्षा वेगळे लिहितात, तेवढे सांभाळा.

शारजात हॉटेल स्वस्त पडते म्हणून बरेच जण तिथे उतरतात. इथेच फसगत होते. हजारो नोकरदार शारजात राहतात आणि दुबईत कामाला जातात, त्यामुळे सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी शारजाकडे वाहनांची मुंगी-रांग लागते. शारजात उतरलेला व्यापारी दोन्ही वेळा त्याच रांगेत अडकतो. दुबईत राहून शारजाला गेलात तर दोन्ही वेळा रस्ता त्यामानाने मोकळा मिळतो. खोलीत वाचवलेले दिरहम टॅक्सीत आणि वाया गेलेल्या सकाळींत निघून जातात.

वारही पाहा. 2022 पासून तिथे सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा. शारजात मात्र सरकारी कचेऱ्या शुक्रवारी पूर्ण बंद असतात. जुन्या बाजारांतली बरीच दुकाने दुपारी काही तास मिटतात. शुक्रवारी उतरून शनिवारी बँकेचे किंवा कचेरीचे काम काढणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि नातेवाईक! हे लिहू नये, पण लिहितो. मामेभाऊ शारजात, मेहुणा अजमानला, गाववाले सोनापूरला. प्रत्येकाकडे एक वेळ जेवायला गेलात तर तीन संध्याकाळी संपल्या. एकच दिवस ठरवा, सगळ्यांना एका ठिकाणी बोलवा. रागावणारे परत आल्यावर समजूत काढता येण्यासारखे असतात.

माल बॅगेत कोंबून आणण्याचे दिवस आता विसरा. प्रवाशाच्या सामानाची सवलत घरगुती वापराच्या वस्तूंसाठी असते, ठोक कापडासाठी नाही. व्यापारी मालाला आयात-निर्यात कोड लागतो. तो निघण्यापूर्वीच काढून ठेवा. मग माल जहाजाने न्हावा-शेवाला, आपल्याच जिल्ह्यात, उतरतो. रोख परकीय नोटा एका प्रवासात 3,000 डॉलरइतक्याच नेता येतात, बाकी कार्डावर. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.67, तेव्हा सौदा करताना डॉलरचा भाव पाहिला तरी पुरे.

शेवटचा दिवस रिकामा ठेवा. 16 एप्रिल 2024 च्या पावसात दुबईचा विमानतळ तुंबला आणि विमानांचे वेळापत्रक काही दिवस सावरले नाही. ज्यांनी परतीच्या दुसऱ्याच दिवशी इथे कोणाला वायदा दिला होता, त्यांचे काय झाले असेल? तिकिटावर विमानतळाचे नावही नीट वाचा. मुंबईत सहार आहे, पनवेलजवळ डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचाही सुरू झाला आहे, आणि तिकडे दुबईत दोन असून शारजाचा वेगळा.

येत्या हंगामात माझा मुलगा जायचे म्हणतो. त्याच्या कागदावर पाच रात्री आहेत : दुबई, एक दिवस शारजा, एक दिवस अबुधाबी. अबुधाबीला कापडवाल्याचे फारसे काम नाही, तो दिवस मी खोडला होता. पण त्याची आईही सोबत जाणार आहे आणि तिला तिथली शेख जायद मशीद पाहायची आहे. बर दुबईच्या अल घुबैबा स्थानकावरून बस मिळते, दीड-दोन तासांचा रस्ता. तो दिवस पुन्हा लिहून दिला आहे.