‘पब्लिक’ म्हणजे कोण?



‘पब्लिक’ हा शब्द आता आपलाच झाला आहे. “बाजाराला पब्लिक लई होती”, “पब्लिक येडी नाही”, असे आपण बोलतो. आपल्या तोंडी पब्लिक म्हणजे माणसे, म्हणजे आपणच.

सरकारी कागदावर मात्र अर्थ फिरतो. इंग्रजांच्या 1894 च्या भूसंपादन कायद्याने ‘पब्लिक पर्पज’ म्हणायचे आणि जमीन घ्यायची. त्यात काय बसते ते सरकारच ठरवणार! इंग्रज 1947 ला गेले, कायदा 2013 अखेरपर्यंत राहिला. 1961 ला महाराष्ट्राने औद्योगिक विकासाचा कायदा करून त्यात भर घातली.

पिंपरी-चिंचवड, चाकण पाहून या. ज्वारी-बाजरीच्या, कांद्याच्या रानांत आज मोटारी बनतात. कारखान्यांशी आमचे भांडण नाही. सवाल एवढाच, की मोटारवाला ‘पब्लिक’, तर जमीन देणारा कोण?

2013 च्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी 80 टक्के बाधितांची संमती मागितली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती अट नाही. ओलिताची बहुपीक जमीन अपवाद म्हणूनच घ्यावी, असेही तो सांगतो. मग बोट कोणाकडे वळणार? आपल्या कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानाकडे!

म्हणून नोटीस आली की सही करण्याआधी ग्रामसभेत विचारा: साहेब, या ‘पब्लिक’मध्ये आम्ही आहोत का? असलो, तर भाव ठरवताना आम्हाला समोर बसवा. नसलो, तर जमीन आमचीच कशी चालते?