बागेंतील फुलें व मधमाश्यांची उपजीविका

मळ्यांतील काकडीच्या वेलांवर सकाळीं मधमाश्या घोंघावूं लागल्या कीं, ‘ह्या फुलांतील सत्त्व शोषून नेतात’ असें म्हणणारे कांहीं शेतकरी बंधु अद्यापि आढळतात. ही समजूत निराधार आहे, परंतु तिच्यामुळें होणारें नुकसान मात्र खरें आहे; म्हणून चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मधमाशी फुलांतून मुख्यतः दोनच वस्तु घेते: मकरंद व पराग. मकरंद ती सोंडेनें शोषून पोटांतील निराळ्या पिशवींत सांठविते. पराग मागील पायांस चिकटवून नेते. पोळ्यांत मकरंद आटून त्याचा मध होतो, व पराग पिलांच्या पोषणास लागतो. फूल मकरंद निर्माण करतें तें अशा पाहुण्यांस बोलावण्यासाठींच. काकडी व तांबडा भोपळा ह्यांस नर व मादी फुलें वेगळालीं येतात. एकाचा पराग दुसऱ्यावर पोंचला नाहीं, तर नेहमींच्या वाणांत फळ धरत नाहीं, अगर धरलेलें वांकडें होतें वा गळून पडतें. मधमाशी एका खेपेंत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून तिच्याकडून हें काम विशेष चांगलें होतें.

आतां फुलांची वेळ पहावी. तांबड्या भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें व दुपारपर्यंत मिटतें. नेमक्या त्याच वेळीं आपण पाठीवर पंप घेऊन फवारा मारूं लागलों, तर किडीबरोबर आपला बिनपगारी गडीहि मरतो. फवारणी अपरिहार्यच असेल, तर माशीस कमी घातक औषध निवडून ती सायंकाळीं, माश्या परतल्यावर करावी.

शिवाय पिकाचा फुलोरा कांहीं आठवड्यांचा. माशीचें पोट मात्र बारमाही. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेथें ओढ्याकांठची व खडकाळ जमीन पोटखराब म्हणून आकारांतून वगळली जाते. परंतु तेथील करंज, तुळस व रानफुलेंच माशीस पडत्या दिवसांत तारतात. तीं जाळून किंवा तणनाशक मारून नाहींशीं करूं नयेत. दाराशीं हौसेनें फुलझाडें लावतांनाहि एकेरी पाकळ्यांचीं निवडावीं; भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्यानें माशीस तेथें फारसें कांहीं मिळत नाहीं.

महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून घोषित झालें. प्रत्येक गांवास तें साधेल असें नाहीं. परंतु दोन हात बांध फुलता ठेवणें कोणासहि अशक्य नाहीं. त्या पट्टीचा सारा सरकार घेत नसलें, तरी मधमाशी तो आपल्या मळ्यांत फळांच्या रूपानें भरीत असते, हें आमच्या वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.