मेळ्यातले गाळे आणि पडद्यावरचे गिऱ्हाईक

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंदे यांच्या राजवटीत सुरू झाला. शंभरी ओलांडूनही तो हिवाळ्यात गजबजतो. तेथे घेतलेल्या वाहनांना मध्य प्रदेश सरकार रस्ता करात ५० टक्के सवलत देत आल्याने दूरदूरचे खरेदीदार येतात. विखुरलेले गिऱ्हाईक एका जागी आणणे ही व्यापारातील सर्वांत खर्चिक गोष्ट, आणि पूर्वी ती संस्थानिकाला किंवा सरकारलाच परवडे. समाजमाध्यमांनी हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने त्यांचे खरे मोल यातच आहे. मात्र या मोलाला मर्यादाही आहेत.

प्रथम लाभाची बाजू पाहू. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या चंदेरीच्या विणीला ते बरेच आधी लाभले आहे. परंतु मानांकन नक्कल करणाऱ्याविरुद्ध कायद्याचा आधार देते, गिऱ्हाईक देत नाही. यंत्रमागावरील नकली चंदेरी छायाचित्रात अस्सल चंदेरीसारखीच दिसते. अशा वेळी विणकराने आपल्या मागावर काम चालू असतानाची दोन मिनिटांची चित्रफीत पाठवली, तर ती अस्सलपणाचा पुरावा ठरते. २०१८ च्या जानेवारीत भारतात आलेल्या व्हॉट्सअॅप बिझनेसमुळे मालाची ओळख, चौकशी आणि मागणी एकाच संवादात उरकते, तर यूपीआयमुळे पैसेही तत्काळ पोहोचतात. मध्यस्थाच्या हाती जाणारा वाटा काही अंशी तरी विणकराकडे राहू शकतो.

व्यक्तींच्या बाबतीत संगीतशिक्षकांचे उदाहरण बोलके आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. याच घराण्याच्या परंपरेतील विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले, ते राजाश्रयावर नव्हे, तर लोकाश्रयावर. कलावंताने थेट समाजाकडे जाण्याचा तो मार्ग आज पडद्यावरून जातो. करोनाकाळात गायनाचे वर्ग ऑनलाइन भरू लागले आणि परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलांना भारतातील गुरू घरबसल्या मिळू लागले. येथे अनुयायांच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. एखाद्या चित्रफितीला लाखभर प्रेक्षक लाभूनही शिष्य एकही न मिळणे शक्य आहे. उलट नियमित शुल्क देणाऱ्या वीस शिष्यांवर शिक्षकाचे घर चालू शकते.

आता मर्यादा. पडद्यावरचे दुकान भाड्याचे असते आणि भाडेकरार एकतर्फी असतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अॅप्सवर बंदी घातली. निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव होता, पण वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षकवर्ग अनेकांच्या हातून निसटला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडले. ज्यांचे तीनही दरवाजे एकाच मालकाचे होते, त्यांचे दुकान तेवढा वेळ बंदच राहिले. म्हणून ग्राहकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत असणे अगत्याचे आहे. माध्यम बदलले तरी ही वही सोबत राहते.

दुसरा अडसर कराचा. पडद्याला राज्याची सीमा नाही, वस्तू व सेवा कराला आहे. सेवा देणाऱ्याला राज्याबाहेरही २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत साधारणतः नोंदणी लागत नाही. अधिसूचित हस्तकला वस्तूंनाही अटींसह अशी सूट आहे. इतर करपात्र वस्तू राज्याबाहेर विकायच्या, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-वाणिज्य मंचांवरील छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरतीच.

ही तरतूद गोव्यासारख्या छोट्या राज्याला अधिक जाचते. ग्वाल्हेरच्या विक्रेत्याला इंदूर-भोपाळची बाजारपेठ स्वतःच्याच राज्यात मिळते. काणकोणात घरी लोणची किंवा कोकमाचे आगळ करणाऱ्या गृहिणीला कारवारचे गिऱ्हाईकसुद्धा परराज्यातले ठरते. बचतगटांना छायाचित्रे काढण्याचे आणि जाहिरातींचे प्रशिक्षण देणे चांगलेच आहे. पण मागणी आल्यावर माल पाठवताना ती नोंदणीपाशी अडत असेल, तर प्रशिक्षणाचा उपयोग मर्यादितच राहणार. हस्तकलेला दिलेली सवलत अल्प उलाढालीच्या गृहोद्योगांनाही मिळावी, हा आग्रह गोव्याने जीएसटी परिषदेत धरायला हवा. परिषदेत प्रत्येक राज्याचे मत समान वजनाचे असते, त्यामुळे हा विषय मांडण्यास राज्याचे लहानपण आड येत नाही.