फाटा ते गाव रस्ता व ओढ्यावरील पुलाचे काम पावसाळ्यापूर्वी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, परभणी.

संदर्भ : यापूर्वीची आमची निवेदने व ग्रामसभेचे ठराव (पोच जोडल्या आहेत).

महोदय,

आम्ही पालम तालुक्यातील खाली सही करणारे ग्रामस्थ सविनय कळवितो की, फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याबाबत आम्ही वारंवार अर्ज दिले. त्यांपैकी एकाचेही लेखी उत्तर आलेले नाही, म्हणून थेट आपल्याकडे येत आहोत.

आमचा शिवार सगळा भारी काळ्या जमिनीचा. मृगाचा पहिला पाऊस पडला की रस्ता आणि रान यांत फरक राहत नाही. दुचाकीच्या चाकात चिखल अडकून चाक फिरत नाही, ट्रॅक्टर रुततो. ओढ्यावरचा नळकांडी पूल ठेंगणा आहे. वर कुठेही जोराचा पाऊस झाला की पुलावरून पाणी जाते आणि गाव तुटते. तालुक्यातील लेंडी नदीच्या पुराने गावांचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात. आमच्या ओढ्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

पावसाळ्यात मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बस फाट्यावरूनच परत फिरते. आठवीच्या पुढच्या मुली चपला हातात घेऊन ओढा ओलांडतात. पाणी वाढले की शाळा बुडते, आणि दोन पावसाळे असे गेले की घरचे लोक मुलीची शाळाच बंद करतात. बाळंतपणाला निघालेल्या बाईला बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यावे लागते, कारण रुग्णवाहिका तिथेच थांबते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही गाडी फाट्यावर लावून चिखल तुडवत यावे लागले. रस्त्याची अवस्था त्यांनी स्वतः पाहिली आहे.

शेतमालाचे नुकसान तर दरवर्षीचे. सोयाबीन काढणीला येते तेव्हाच परतीचा पाऊस असतो. मळणीयंत्रवाले रुतण्याच्या भीतीने येत नाहीत, आले तर जास्त भाडे मागतात. तोवर शेंगांना कोंब फुटतात. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता; पण ओलावा १२ टक्क्यांवर गेलेला माल केंद्रावर परत केला जातो आणि व्यापारी मागेल त्या भावाने द्यावा लागतो. कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच जिल्ह्यात आहे. त्यांचे वाण आम्ही पेरतो, सांगितल्याप्रमाणे पीक काढतो. ते वेळेत बाजारात नेण्याची वाट मात्र आम्हाला मिळालेली नाही.

संबंधित विभागाने पोळ्याआधी मुरूम टाकण्याचे कबूल केले होते. मुरूम आला तो दिवाळीनंतर, आणि पुढच्या पहिल्याच पावसात काळ्या मातीत गडप झाला. मोजणी झाली, खुणांचे दगड रोवले, ‘मार्चनंतर काम सुरू होईल’ असे ग्रामसभेत सांगण्यात आले. तो मार्च गेला. निवडणुकीपूर्वीही हेच आश्वासन मिळाले होते. आता तोंडी आश्वासनावर गावातील कोणाचाही विश्वास उरलेला नाही.

तरी रस्ता व पूल आणि गावाची इतर रखडलेली कामे यांबाबत आमच्या मागण्या अशा :

१. फाटा ते गाव रस्ता खाली दगडी सोलिंग, वर खडीकरण-डांबरीकरण व दोन्ही बाजूंना नाल्या काढून करावा. नुसता मुरूम टाकू नये.
२. नळकांडी पुलाच्या जागी उंच पूल मंजूर करावा. तोपर्यंत पावसाळ्यात रुग्णांसाठी ओढ्याच्या गावाकडील बाजूस वाहनाची सोय ठेवावी.
३. शिवारातील पाणंद रस्ते मोकळे करून द्यावेत.
४. पाणीपुरवठा योजनेचे अर्धवट काम पूर्ण करावे.
५. जळालेली विजेची डीपी (रोहित्र) वेळेत बदलून मिळावी.
६. स्मशानभूमीला शेड व रस्ता द्यावा.

यांतील पहिल्या दोन मागण्यांना आणखी एक पावसाळा थांबता येणार नाही. आपण स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधीने येऊन पाहणी करावी आणि काम सुरू होण्याची तारीख आम्हाला लेखी कळवावी. एक महिन्यात लेखी उत्तर न आल्यास समस्त ग्रामस्थ, महिला व विद्यार्थ्यांसह, फाट्यावर शांततेच्या मार्गाने बेमुदत धरणे धरतील. ती वेळ आपण येऊ देणार नाही, अशी अपेक्षा आहे.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत)

प्रत माहितीस्तव : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, परभणी, मा. तहसीलदार, पालम.